पीठ कोणाला, औषध कोणाला

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्या मित्राबरोबर फिरायला जातो त्यालाही नाही. खामगावच्या एका डॉक्टरांनी कित्येक वर्षं एका औषधाचा ध्यास घेतला, त्याची चाचणी केली, आणि ते निरुपयोगी आहे असं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं. ती चाचणी मुळात झालीच नव्हती. कागदावर झाली होती, प्रत्यक्षात नाही. आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.

मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी मनाची काहीतरी समजूत घातली असती. पण एक म्हातारी बाई डॉक्टरांना ते सांगायला तोंड उघडत होती आणि मी तिला बोलू दिलं नाही.

एवढं लिहून मी उठलो, गॅलरीत जाऊन आलो. आता बसतो. पण आधी डॉक्टर काय माणूस होता ते सांगायला हवं. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात डॉक्टरांसाठी खुर्ची नव्हती. पेशंटसाठी होती, सोबत आलेल्यांसाठी बाक होतं. डॉक्टर स्वतः चालत. छातीला स्टेथोस्कोप लावून झाला की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा सुरू, आणि तोंड चालूच. पेशंटची मान टेबलफॅनसारखी इकडून तिकडे फिरत राही. नवा माणूस बावरून उठायचा आणि त्यांच्या मागोमाग चालू लागायचा. दोघंही चालतायत, एक बोलतोय, दुसरा "हाव साहेब, हाव साहेब" म्हणतोय, असं दृश्य दवाखान्यात नेहमीचं होतं.

माझी मुलाखतही चालतच झाली.

"गाव कोणतं?"

"साखरखेर्ड्याजवळ, सर."

"म्हंजे अर्धा जालन्याचा. शिक्षण?"

"बी. फार्मसी."

"मंग तुहं नाव फार्मसी. मले नावं ध्यानात राह्यत नाहीत, डिग्र्या राह्यतात. चालते ना?"

चालतं म्हटलं. मला नोकरी हवी होती. कंपाउंडरचं नाव 'बारावी' होतं, रक्त काढणाऱ्या मुलीचं 'बीएस्सी'. घरात पत्नीला ते 'एमए' म्हणत. त्या संस्कृतच्या एमए होत्या आणि थेट नवऱ्याशी न बोलता आमच्यामार्फत बोलायच्या. "तुमच्या डॉक्टरांना विचारा, जेवण चालत करणार आहेत की पाटावर."

हात मिळवायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पंजा पंजाला लागायच्या आत त्यांची तीन बोटं मनगटावर पोचलेली असत. डोळे मिटायचे, बोटांखालची रक्तवाहिनी चेपून बघायची, सोडायची, परत चेपायची. समोरचा हात अडकवून उभा. याच कारणानं लोक त्यांना लग्नाला बोलावताना जरा विचार करत. एका लग्नात पंगतीवरून नवऱ्या मुलाचे काका आचाऱ्यावर तुटून पडले होते. डॉक्टर ताटावरून उठले, काकांचं मनगट धरलं.

"वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न. त्याचं काय आता?"

"नळी पंच्याहत्तरीची आहे. ओरडा, पण बसून ओरडा."

काका बसले ते पंगती आटोपेपर्यंत उठले नाहीत, आणि सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी दारात हजर.

'नळी' हा त्यांचा आवडता शब्द. धमनी, आर्टरी वगैरे ते परिषदेत म्हणत. "माणूस सालानं म्हातारा होत नाही, नळीनं होते," हे पेशंटला रोज ऐकवायचं. तरुणपणी रक्तवाहिनी लवचीक असते. हृदयाचा ठोका पडला की फुगते, मागे येते, धक्का पोटात घेते. वय वाढलं की तिच्या भिंतीत चुना बसायला लागतो, ती कडक होते, आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का सरळ मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत जातो. हे समजवायला ते पेशंटच्याच फडक्यातली शिदोरी सोडत. ताजी पोळी दुमडून दाखवायची, मग रात्रीची भाकर दुमडायची. भाकर तुटायची. "हे पाह्य. ही नळी तुही." तुटलेला तुकडा खाऊन टाकायचा. बिचारा पेशंट भाकरीकडे बघत राही.

रक्तदाब कमी करायच्या गोळ्या त्यांच्याकडे होत्या. गेलेला मऊपणा परत आणणारं काही नव्हतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. के जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळून दिलं तर भिंतीतला चुना बसणं थांबतं, कदाचित थोडा निघतोही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. "पटलं नाही बे," ते म्हणत, "पण सुटलंबी नाही." ओळखीच्या काही म्हाताऱ्यांना त्यांनी ते देऊन पाहिलं. म्हाताऱ्यांना बरं वाटलं. आणि इथेच डॉक्टर भडकले.

मी नवीन असताना एक गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. चेहरा नुसता फुललेला. "डॉक्टरसाहेब, काय औषध देलं हो! जिना चढतो तं पोट्टं झाल्यासारखं वाटते."

डॉक्टर येरझारा घालता घालता थांबले. "मी काय देलं होतं, माहीत आहे?"

"नवीन व्हिटॅमिन का काय थे…"

"खडीसाखर. कुटून पुडीत बांधली होती मी. तुमाले साखर नाही, म्हणून देता आली."

गृहस्थांचा चेहरा पडला. डॉक्टरांनी पेढा मात्र खाल्ला. ते गेल्यावर माझ्याकडे वळले. "बरं वाटलं म्हणून खरं झालं काय? बरं तं कशानंबी वाटते. मी खांद्यावर हात ठेवला तरी वाटते. मले खरं पाह्यजे."

ते स्वतः ते औषध घेत नसत. सत्तरीकडे झुकले होते, स्वतःची नळी कडक आहे हे रोज बोटांनी तपासत होते, तरी नाही. मी एकदा का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "खाल्लं तं मी त्याच्या पार्टीचा झालो ना. मंग मले खरं दिसन काय?"

म्हणून चाचणी. एका कंपनीनं कॅप्सूल करून द्यायचं कबूल केलं. निम्म्या डब्यांत औषध भरलेल्या कॅप्सूल, निम्म्यांत मक्याचं पीठ भरलेल्या. रंग तोच, आकार तोच. डबीवर फक्त आकडा. कोणत्या आकड्यात काय आहे ते दूर कंपनीत सीलबंद. मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, खाणाऱ्याला माहीत नाही. वर्षभर रोज एक कॅप्सूल. सुरुवातीला आणि शेवटी यंत्रावर नळी मोजायची, आणि शेवटी सील उघडायचं. औषधवाल्यांची नळी पीठवाल्यांपेक्षा मऊ निघाली तर डॉक्टर जिंकले. डॉक्टरांना जिंकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. फार जिंकायचं होतं. म्हणूनच त्यांनी स्वतःचे डोळे बांधून घेतले होते.

ते यंत्र मजेदार होतं. मानेवर आणि मांडीवर पट्टा बांधायचा. हृदयातून निघालेली नाडीची लाट खाली किती वेगानं पोचते ते यंत्र मोजायचं. नळी कडक तितकी लाट वेगात. गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र वेग म्हणजे चांगलं असंच वाटायचं. एक आजोबा पट्टा सोडता सोडता शेजारच्याला म्हणाले, "माही लाट तुह्याहून जोरात पयते बे!" दिवसभर ते छाती काढून फिरले. डॉक्टरांनी मला खुणावलं, राहू दे म्हणून.

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या बौद्ध वस्तीत आम्हाला साठीच्या पुढची सगळ्यांत जास्त माणसं मिळाली. वस्तीच्या मधोमध विहार, विहारापुढे फरशी. तिथे मी सगळ्यांना बसवून चाचणी समजावून सांगितली. नियमानं सांगावी लागते, आणि मी नीट सांगितली. अर्ध्यांत औषध आहे, अर्ध्यांत पीठ आहे. कोणाला काय आलं ते कोणालाच ठाऊक नाही. नको वाटलं तर केव्हाही सोडून द्या.

सुभद्राआजी पुढे बसल्या होत्या. आयुष्यभर अंगणवाडीत पोरांना खाऊ घातलेली बाई. उंच, हडकुळी, आवाज खणखणीत. वस्तीत त्यांचा शब्द चाले.

"अन् ज्याच्या डबीत पीठ आलं, त्यानं काय करा?" त्यांनी विचारलं.

याचं खरं उत्तर द्यायला वेळ लागला असता. पीठ खाणाराही तितकाच महत्त्वाचा, त्याच्याशिवाय औषधाचं खरंखोटं कळत नाही, हे सांगायला हवं होतं. बसची वेळ झाली होती. मी म्हणालो, "काय करणार आजी? त्याचं नशीब."

लोक हसले. आजी हसल्या नाहीत.

त्यानंतर दर महिन्याला मी नव्या डब्या नेऊन द्यायचो आणि जुन्या आणायचो. नियम असा की उरलेल्या कॅप्सूल मोजायच्या. शहरातल्या लोकांच्या डब्या खुळखुळत यायच्या, विसरलो म्हणायचे. या वस्तीतल्या डब्या साफ रिकाम्या. एकूण एक. डॉक्टर त्या डब्या हातात घेऊन वाजवून पाहायचे.

"पाह्य, फार्मसी! एक दाणा शिल्लक नाही. ह्याले म्हनते श्रद्धा!" मग स्वतःवरच चिडायचे. "श्रद्धा नाही. शिस्त. श्रद्धेचा भरवसा नाही आपल्याले."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. इतकं नीट कोणी वागत नाही.

एकदा दुसऱ्या कामानं सोनाळ्याला गेलो होतो. काम लवकर उरकलं, म्हणून न सांगता त्या गावात गेलो. दिवस कलला होता. विहारात वंदना नुकतीच संपली होती आणि म्हातारी मंडळी फरशीवर गोल करून बसली होती. मधे परात. परातीत कॅप्सूलचा ढीग. रिकाम्या डब्या एका बाजूला रांगेनं मांडलेल्या. सुभद्राआजी चिवडा कालवावा तसा ढिगात हात फिरवत होत्या. मग एकेकाच्या तळहातावर एकेक कॅप्सूल ठेवू लागल्या. तांब्या फिरत होता.

"आजी, हे काय?"

"ये ना बाबू. बस. चहा मांडाले सांगते."

"डब्या का रिकाम्या केल्या?"

"काऊन? रिकाम्या डब्या बराबर भेटतात ना तुले? एक तरी कमी आली काय?"

"पण ज्याची त्यानं खायची होती."

"ज्याची त्यानं?" त्यांनी हात थांबवला. "म्हंजे शांताच्या डबीत पीठ असन तं तिनं सालभर पीठ खावा, अन् मी तिच्या बाजूले बसून औषध खाऊ? घास उतरन काय माह्या गळ्याखाली?"

लाट जोरात पळणारे ते आजोबा शेजारीच होते. ते मला समजावू लागले. "साहेब, पुराच्या साली आमच्याइथं ब्लँकेट वाटले होते. कोणाले जाड भेटला, कोणाले पातळ. वस्तीत दोन पार्ट्या पडल्या. सख्खे भाऊ बोलत नव्हते. तवापासून कायदा केला. बाहेरून जे येईन थे आधी विहारात, मिसळाचं, अन् मंगच वाटाचं."

"तू म्हनला ना, नशीब," आजी म्हणाल्या. "आमच्याइथं नशिबानं नाही वाटत, बाबू. हातानं वाटतो."

त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याचा भाव नव्हता. उलट मी हे पाहिलं याचा आनंद होता. चहा आला. मी प्यायलो.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन गट वेगळे राहिले तरच फरक दिसणार. एकानं औषध खायचं, एकानं पीठ. इथे दोन्ही गट रोज एकाच परातीतून खात होते. कधी औषध, कधी पीठ, सगळ्यांना सारखं. वर्षानंतर यांच्यात फरक निघणार कुठून? औषध अमृत असतं तरी निघाला नसता.

नियम साधा होता. असं काही दिसलं की डॉक्टरांना कळवायचं, डॉक्टरांनी चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीला. मग ती वस्ती चाचणीतून बाद झाली असती. उरलेली माणसं पुरली नसती. कंपनी आधीच कंटाळली होती, तिनं हात काढून घेतला असता. चाचणी बंद, माझी कंत्राटी नोकरी बंद. घरी लहान मुलगी होती. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली आहेत. ती खोटी नाहीत. पण आणखी एक कारण आहे, आणि ते कबूल करायला मला वर्षं लागली. 'नशीब' हा शब्द माझा होता. त्यांना हे कशावरून सुचलं असं डॉक्टरांनी विचारलं असतं, तर मला ते सांगावं लागलं असतं.

बाकीच्या गावांत या वस्तीचे सोयरे होते. परात तिकडेही पोचली होती का? मी बघायला गेलो नाही. गेलो असतो तर कळलं असतं.

एकदा सांगण्याच्या अगदी जवळ आलो होतो. डॉक्टर जीपमध्येही फार वेळ बसू शकत नसत. मधेच ड्रायव्हरला थांबवून उतरायचे, पुढे चालत सुटायचे, आणि जीपनं मागून हळूहळू यायचं. त्या दिवशी मीही उतरलो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. ते माझ्यापुढे चालत होते, मागे न बघता बोलत होते.

"फार्मसी, मी हरलो तं चालते. लोक हसतीन, हसू दे. पण मले कळलं पाह्यजे. कळल्याबिगर मेलो तं तडफडत मरीन मी."

"सर…"

"हं?"

"पाणी देऊ का?"

"दे."

सील उघडायच्या दिवशी कंपनीतल्या बाई फोनवरून आकडे वाचत होत्या. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. बीएस्सी आणि बारावी दारात उभे. एमए बाई प्रथमच दवाखान्यात येऊन बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर चालत होते.

"दोन्ही गटांत फरक आढळला नाही, डॉक्टर."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. डॉक्टर खिडकीपर्यंत गेले, तिथून परत आले, फोनपाशी वाकून म्हणाले, "आभारी आहे. मोठं काम झालं." मग खिशात हात घालून बारावीला कचोऱ्या आणायला पाठवलं. गरमागरम कचोरी त्यांनी स्वतः प्रत्येकाच्या हातात दिली. "खा बे. खरं कळलं आज. गोड नाही तं तिखट तोंड करू." एमए बाईंनी कचोरी हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. मी खाल्ली.

निकाल पत्रानं कळवला असता तरी चाललं असतं. डॉक्टर म्हणाले, नाही, ज्यांनी वर्षभर माझ्या शब्दावर कॅप्सूल खाल्ली त्यांना तोंडानं सांगायचं. आम्ही गावोगाव गेलो. त्या वस्तीत गेलो तेव्हा मंडळी त्याच फरशीवर बसली होती. डॉक्टर पहिल्यांदाच एका जागी स्थिर उभे राहिले आणि हात जोडले.

"मी देलेल्या औषधाचा काही उपयोग नाही. यंत्रानं सांगितलं. तुमचा सालभराचा वेळ घेतला मी. माफी मांगाले आलो."

"पण साहेब," ते आजोबा म्हणाले, "मले तं चालाले हलकं वाटते."

"ते वाटणं आहे, बाबा. खरं नाही."

सुभद्राआजी डॉक्टरांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत डॉक्टरांकडे. त्यांना सगळं कळलं होतं असं नाही. पण काहीतरी जुळत नाही एवढं त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"साहेब, मी काय म्हनते," त्या म्हणाल्या. "आमी तं त्या गोळ्या सगळ्याइनं मिळून…"

"आजी, साहेबाले उशीर होऊन राह्यला," मी म्हणालो. "अजून दोन गावं आहेत. तुमी मले सांगा नंतर, मी लिहून घेतो."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आजी थांबल्या. आयुष्यभर ऑफिसातल्या माणसांनी असंच थांबवलेलं असणार त्यांना, त्या थांबायला सरावलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "हो, सगळ्यांनी मिळून साथ दिली तुम्ही, ते मी विसरणार नाही." जीपकडे चालू लागले.

मी मागे राहिलो होतो. आजी जवळ आल्या. "तू मले काऊन बोलू नाही देलं?"

"काही नाही, आजी. उशीर झाला होता."

"आमच्यानं काही चुकलं काय?"

"नाही," मी म्हणालो. हे एवढं मात्र खरं बोललो. त्यांनी त्यांच्या कायद्याप्रमाणे केलं होतं. माझा नियम मोडला तो मी.

आजी पुढे दोन-तीन वर्षांत वारल्या. वस्तीतल्या बाकीच्यांना आठवत असेल तर एवढंच, की एके काळी ते विहारात बसून कॅप्सूल वाटून खायचे. त्यानं एका माणसाचं काय झालं, ते त्यांना ठाऊक नाही.

त्या माणसाचं असं झालं. अकोल्याला डॉक्टरांची परिषद होती. तिथे त्यांनी व्यासपीठावर जाऊन सांगितलं, मी हे औषध देणं बंद केलं आहे, तुम्हीही देऊ नका. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपलंच औषध खोटं ठरलं हे असं कोण सांगतं? जेवणाच्या वेळी नागपूरचा एक तरुण डॉक्टर त्यांच्याकडे आला. त्याला हीच चाचणी मोठ्या प्रमाणावर करायची होती. डॉक्टरांनी सवयीनं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "नको, बापू. तुही उमेद दुसऱ्या कामात घाल. मी करून पाह्यलं हे." पोरगा हिरमुसून गेला. मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात ताट होतं.

आणि पुढच्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टरांसाठी खुर्ची आली. काळी, फिरती. ते तिच्यात बसून पेशंट तपासू लागले. लोक म्हणाले, वय झालं. एमए बाई मला म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर हल्ली पाटावर बसून जेवतात." मला वाटलं होतं हे सांगताना त्या हसतील.

ते औषध चांगलं होतं असं मी म्हणत नाही. कदाचित निरुपयोगीच असेल. मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही, नागपूरच्या त्या पोरालाही नाही. आपल्याला उत्तर मिळालं असं डॉक्टर समजतात, आणि त्यांना उत्तर मिळालेलंच नाही. ज्याला खडीसाखरेनं आलेला आनंद चालला नाही, अशा माणसाला मी खोट्या उत्तरावर बसवून ठेवलं आहे.

मी आता अकोल्याला असतो. पन्नाशी ओलांडली. चाचण्या करणाऱ्या एका संस्थेत नव्या पोरापोरींना शिकवतो. गावात काही वेगळं घडताना दिसलं की लगेच कळवा, लपवू नका, असं फळ्यावर लिहितो. ती लिहून घेतात. त्या दिवशी मला घरी आल्यावर जेवण जात नाही. बायको विचारते, मी पित्ताचं कारण सांगतो.

दिवाळीत खामगावला गेलो होतो. डॉक्टर ऐंशीच्या पुढे गेलेत. घरातल्या खिडकीपाशी बसलेले होते. डोक्यानं लख्ख आहेत, पण नजरेचा मधला भाग गेला, अक्षर दिसत नाही. आवाजावरून मला ओळखलं.

"फार्मसी? ये. काही नवीन आलं काय बे नळीवर? कोणी काही करून राह्यलं काय?"

"नाही सर. विशेष काही नाही."

"असं होय," म्हणाले, आणि परत खिडकीकडे तोंड वळवलं. मी फराळाचं ताट संपवलं आणि निघालो.

म्हणून हे लिहिलं. आता ते वाचू शकत नाहीत, आणि दुसऱ्या कोणी त्यांना हे वाचून दाखवावं असं मला नको आहे. खामगावला जाऊन, त्यांच्या समोर बसून, मी स्वतः हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला हवं. त्यानंतर त्या समितीला, आणि नागपूरच्या त्या डॉक्टरला, चाचणी झालीच नव्हती हे माझ्या नावानिशी कळवायला हवं. यातलं अजून मी काहीच केलेलं नाही.